जुनी ओमनी-इको घेता? काटा नंतर पाहा, तिनं आधी कोणतं काम केलं ते पाहा



सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, की आपल्या जिल्ह्यात जुन्या गाड्यांचा हंगाम सुरू होतो. वाशीम म्हणा, रिसोड म्हणा, कारंजा, मंगरूळपीर, सगळीकडं मोबाईलवर फोटो फिरायला लागतात. "ओमनी देणे आहे. शोरूम कंडिशन. एक रुपयाचं काम नाही." फोटोत गाडी धुतलेली, टायरला काळं पॉलिश मारलेलं, अन् काट्यावर अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर. गाडी २००९ ची.

मागच्या पंधरा दिवसांत तीन-चार जणांनी विचारलं, भाऊ जरा गाडी पाहायला येता का. मी काही मिस्त्री नाही. पण ट्रॅक्टर पंचवीस-तीस वर्षं हाताळतो, घरची व्हॅनही बरीच वर्षं चालवली, अन् त्याच्याही आधी वडिलांसोबत बैलबाजार पालथे घातले. म्हणून माझं मत एकदाचं लिहून टाकतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या.

आधी पैशाचं बोलू. समजा गाडी दीड लाखाची. सोयाबीनला चार हजार भाव धरला तर हे साडेसदतीस क्विंटल झालं. एकरी सात क्विंटल उतारा धरा, म्हणजे सव्वापाच एकराच्या वर गेलं. सगळाच्या सगळा माल, त्यातून बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी काहीच वजा न करता. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये होता खरा, पण ज्याचा माल पावसानं डागी झाला त्याला तो आकडा कागदावरच पाहायला मिळाला. एवढा माल मार्केटात नेला तर आपण ओलाव्याच्या मशीनचा आकडा दोन-दोनदा पाहतो, हमालाशी पोत्यापोत्यावर भांडतो. अन् तेवढ्याच पैशाची गाडी मात्र अर्ध्या तासात, चहा पिऊन, इसार देऊन घेऊन येतो. हे मला पटत नाही.

व्हॅन आपल्याकडं एवढी का चालते हे सांगायला नको. मारुतीनं ही व्हॅन १९८४ ला काढली, १९८८ पासून तिला ओमनी म्हणायला लागले. सरकता दरवाजा, मागची सीट काढली की तुरीची पोती बसतात, ठिबकच्या नळ्यांची बंडलं बसतात, पहाटे भाजीचे कॅरेट बसतात. दुपारी सीट लावली की घरचे लोक लग्नाला जातात. रात्री कुणाच्या छातीत दुखलं की हीच गाडी अकोल्याला पळते. हिंदी सिनेमावाल्यांनी तिला पोरं पळवायची गाडी करून बदनाम केलं, पण खेड्यात तिनं माणसं वाचवलीच जास्त. २०१९ ला ओमनी बंद झाली, कारण अपघाताच्या चाचणीचे नवे नियम आले त्यात ती बसत नव्हती. म्हणजे आज बाजारात जी सगळ्यात तरणी ओमनी आहे तीसुद्धा २०१९ ची. तिच्यानंतरची इको २०१० च्या सुरुवातीला आली. ओमनीचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. इकोचं १,२०० सीसीच्या आसपास, चार सिलिंडर, पाच गिअर. दोन्हीचं इंजिन पुढच्या सीटखाली अन् ओढ मागच्या चाकाला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. बैल घेताना आपण काय करतो? हेडी सांगतो चौसा आहे, आपण ओठ वर करून दात मोजतो. शिंगं तासलेली, अंगाला तेल लावलेलं, ते आपण पाहतच नाही. दातानंतर पाहतो खांदा. घट्टा दोन्हीकडं सारखा आहे का, खूर कसे झिजले, आजवर वखराला चालला की बंडीला. बैलाचं वय दातात दिसतं, पण त्यानं किती ओढलं ते खांद्यावर दिसतं. गाडीत मात्र आपण फक्त दात पाहतो, म्हणजे काटा. अन् गाडीचा काटा मागं फिरवणं काही अवघड राहिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की जुन्या व्हॅनचा भाव तिच्या किलोमीटरवर ठरवू नका. या मालकाकडं येण्याआधी तिनं पोटासाठी कोणतं काम केलं ते शोधा, अन् त्यावर ठरवा. नव्वद हजार चाललेली घरगुती इको मी डोळे झाकून नाही, पण मन भरून घेईन. अठ्ठेचाळीस हजार दाखवणारी शाळेची ओमनी मला निम्म्या भावातही नको.

शाळेच्या गाडीचं किलोमीटर खरंच कमी असतं, त्यात खोटं नाही. पण दर दोनशे मीटरला थांबा, परत पहिला गिअर, परत क्लच, परत ब्रेक, अन् सरकता दरवाजा दिवसातून शंभरदा धडाधड. ही गाडी ओळखायची तर मॅट उचला, जास्तीचा बाक बसवायला पत्र्याला पाडलेली भोकं दिसतात. खिडकीला आडव्या गजाचे नटबोल्ट काढल्याच्या खुणा दिसतात. मागच्या काचेवर जुन्या स्टिकरची सावली दिसते. पुण्या-मुंबईकडच्या पासिंगच्या अशा गाड्या रंग मारून आपल्याकडं येतात, अन् इथं आल्यावर सगळ्याच "एका डॉक्टरची घरगुती गाडी" होतात.

मंडपवाल्याची, केटरिंगवाल्याची गाडी मागून वाकून पाहिली की कळते. ओमनीला मागं पाटे असतात. रिकाम्या गाडीत पाट्याला बाक पाहिजे. पाटा सरळ झाला असेल, एक बाजू खाली बसली असेल किंवा मूळ पाट्यात एखादा जास्तीचा घातला असेल, तर ती गाडी बसायच्या नाही, ओझ्याच्या कामाची होती. इकोला मागं स्प्रिंग आहेत, तिथं गाडी सपाट जागेवर उभी करून दोन्ही बाजूंची चाकापासूनची उंची वितीनं मोजा. रुग्णवाहिका होती का ते टपावर कळतं. दिव्याची भोकं बुजवलेली असतात अन् तिथूनच पाणी आत गळतं.

घरच्या गाडीची खूण म्हणजे ड्रायव्हरची सीट दबलेली अन् मागची बऱ्यापैकी चांगली. क्लचच्या पायट्याचं रबर पाहा, स्टेअरिंगची कातडी पाहा. काटा पन्नास हजार सांगतो अन् रबर गुळगुळीत होऊन खालचं लोखंड चमकतं, मग यापैकी कोण खोटं बोलतंय ते तुम्हीच ठरवा.

आता ज्या गाड्यांनी खत वाहिलं त्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण हे शहरातला मिस्त्री तुम्हाला सांगणार नाही अन् आपल्या भागात निम्म्या व्हॅननी कधी ना कधी खत वाहिलेलंच असतं. युरिया हवेतली ओल ओढून घेतो हे आपण उघड्या पोत्यावरून जाणतो. पालाश, म्हणजे एमओपी, हे पोटॅशियम क्लोराइड. रासायनिकदृष्ट्या आपल्या खाण्याच्या मिठाचा चुलतभाऊच. क्लोराइड अन् ओल एकत्र आली की लोखंड खायला सुरुवात होते. पेरणी यंत्राची खताची पेटी हंगामानंतर न धुता ठेवली तर पुढच्या मृगात तिचं काय झालेलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. व्हॅनचा तळ म्हणजे तशीच एक न धुतलेली पेटी. पोतं फाटतं, चार मुठी खत मॅटखाली जातं, पावसाळ्यात ओल्या पायांनी पाणी येतं, वरून मॅट झाकलेलं, सुकायला वाव नाही. दोन पावसाळ्यांत पत्रा वरून शाबूत अन् खालून जाळी होतो.

म्हणून गाडीजवळ गेलो की मी बॉनेटकडं पाहत नाही, पहिलं मॅट उचलतो. पाय ठेवायची जागा, मागच्या सीटखाली, सरकत्या दरवाजाची खालची पट्टी, चाकाच्या वरची कमान, जॅक लावायची जागा, स्टेपनीच्या आजूबाजूला. पेचकसाच्या मुठीनं ठोकायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, खाल्लेला भदभद वाजतो. दरवाजाच्या खालच्या कडेला फडक्यात गुंडाळलेलं चुंबक लावून पाहा, जुन्या स्पीकरमधलं चालतं. जिथं लांबी जाड भरली तिथं चुंबक धरत नाही.

मागच्या वर्षी एका नात्यातल्या पोरासोबत शेजारच्या तालुक्यात ओमनी पाहायला गेलो होतो. पांढरी शुभ्र, नवीन रंग, नवीन सीट कव्हर. मी मॅटला हात घातला तर विकणारा म्हणतो, "काका, कायले एवढं पाहून राहिले, घरचीच गाडी हाय." मॅट उचललं तर मागच्या कोपऱ्यात पांढरट खडे गोठलेले अन् त्याखाली बोट जाईल एवढं भोक, खालची माती दिसत होती. चुंबक दरवाजाला वितभर वरपर्यंत धरेना. आम्ही काही बोललो नाही, चहा घेतला, राम राम केला. ती गाडी आठ दिवसांत विकली गेली म्हणे. कुणी घेतली देव जाणे.

खतासोबत औषधाचाही वास घ्या. उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी असेल तर दार उघडल्याबरोबर पहिला भपकारा महत्त्वाचा. २०१७ ला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. कीटकनाशकाचा डबा सांडला की सीटचा फोम ते पिऊन घेतो अन् कव्हर बदललं तरी फोम तोच राहतो. त्या सीटवर उद्या आपलं नातवंड झोपणार आहे. वास आला की फोमसकट सीट बदलायचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर गाडी सोडा.

पुरात बुडालेल्या गाड्या हा आणखी एक प्रकार. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ ला चिपळूण. गाडी एमएच-०९, एमएच-१० किंवा एमएच-०८ पासिंगची अन् त्या साला आधीची असेल तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा. गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सगळ्याच त्या भागातल्या गाड्या खराब असतात असं नाही, पण पट्टा ओढायला काय पैसे पडतात?

इंजिनाचं मी थोडक्यात सांगतो, कारण ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ते नव्यानं शिकवायची गरज नाही. एकच पथ्य पाळा, गाडी थंड पाहिजे. सकाळी लवकर जा, सीट उचला, इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर मालकानं आधी चालू करून ठेवली, म्हणजे थंडीत उठत नसावी. त्याला सांगा, दुपारी परत येतो, मधात हात लावू नका. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून पाणी पाहा, गरम इंजिनावर ते झाकण कधीच काढू नका. पाण्यावर तेलाची साय किंवा ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस म्हणजे हेड गॅसकेट गेलं. चालू केल्यावर निळा धूर टिकून राहिला तर ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण काढून पाहा, फकफक वाफा मारत असेल तर रिंग-पिष्टनचं काम आलं. थंडीतला सकाळचा थोडासा पांढरा धूर हा दंवासारखा असतो, त्याला घाबरू नका. अन् ओमनीला टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलायचाच आहे असं धरून चाला.

चालवून पाहताना दोघं जण सपाट डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर गेलात तर काहीच कळणार नाही. पाच-सहा जण बसवा. जमलं तर मेडशीकडून पातूरच्या घाटात न्या. चढावर दुसऱ्या गिअरला ओढते का, तापते का, उतारावर पाय काढल्यावर मागून हुंकार येतो का. क्लच सोडताना गाडीखाली टक वाजलं तर जॉइंटचा क्रॉस झिजला, तो स्वस्तात होतो. वेगासोबत वाढणारा घूंऽऽ आवाज मागून आला तर क्राऊन-पिनियन किंवा बेअरिंग, ते महागात जातं. सरळ रस्त्यावर स्टेअरिंगवरचा हात क्षणभर सैल करा, एका बाजूला ओढते का पाहा. टायर एकाच कडेनं झिजलेलं असेल तर अलाइनमेंट तरी गेलं किंवा गाडी कधीतरी ठोकलेली आहे. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा अन् नंतरचे दोन साल. गाडी २०१७ ची अन् चारही टायर २०१७ चेच असतील तर टायरवरची खाच कितीही खोल दिसू द्या, रबर म्हातारं झालं.

कागदांवर या. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की किती हात बदलले, कर्जाचा बोजा आहे का, विमा-पीयूसी कधीपर्यंत, चलन किती थकलं, बरंच कळतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आपल्या महाराष्ट्रात पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी आपोआप भंगारात जात नाही, तो दिल्लीचा वेगळा नियम आहे. पण नूतनीकरणाला गाडी आरटीओत दाखवावी लागते, एप्रिल २०२२ पासून चारचाकीची फी ५,००० रुपये झाली, अन् ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. वर पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर दंड वेगळा. म्हणजे पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी स्वस्त वाटते, पण पंधरा वर्षं भरली की तो सगळा खर्च अन् त्याआधी पत्र्याचं काम तुमच्याच गळ्यात. विकणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं, म्हणूनच तो आत्ता विकतोय.

आरसीवर बैठक क्षमता वाचा. इकोची माल वाहायची गाडीही असते, तिच्यात नंतर सीट टाकून "सात सीटर" म्हणून विकणारे आहेत. आरसीवर दोनच माणसं लिहिलेली असतील तर मागं बसणारा कायद्यानं तिथं नाहीच. सीएनजी असेल तर आरसीवर नोंद पाहिजे अन् टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली पाहिजे. घरगुती गॅसच्या टाकीवर चालवलेल्या ओमनी आपण सगळ्यांनी पाहिल्यात. तसली जोडणी केल्याची खूण दिसली की त्या गाडीपाशी उभंसुद्धा राहू नये असं माझं मत आहे. चेसिस नंबर स्वतः वाचा, आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना आता एचएसआरपी पाटी सक्तीची केली आहे. ती पाटी मागवताना चेसिस अन् इंजिन नंबर नोंदीशी जुळावा लागतो, त्यामुळं पाटी बसलेली असणं ही एक बरी खूण.

बाँडवर लिहून घेतलं, चावी घेतली, नाव नंतर करू, हा आपल्याकडचा सगळ्यात वाईट रिवाज. फॉर्म २९ अन् ३० वर सह्या घेऊन लगेच आरटीओत द्या, कर्ज फिटलेलं असेल तर ३५ नंबरचा फॉर्म अन् बँकेचं पत्र. विकणाऱ्यानंही चौदा दिवसांत कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगून टाकलंय, की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल. गाडी विकून दोन वर्षं झालेला माणूस दुसऱ्यानं केलेल्या अपघाताच्या भरपाईत अडकतो तो असा. तेव्हा हे घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्या कास्तकारांनी जास्त ध्यानात घ्या.

आता ज्याच्यासाठी खरं हे सगळं लिहायला बसलो ते. आपण गाडी घेतो घरासाठी, पण जून ते ऑक्टोबर तिच्यात बसतात निंदणाला अन् सोंगणीला येणाऱ्या बाया. सात सीटच्या इकोत बारा बाया अन् तेरावा ड्रायव्हर, डबे अन् विळे पायात, दरवाजाला एकीनं हातानं धरलेलं. ओमनीला पुढं नाक नाही. ड्रायव्हर अन् शेजारच्याचे गुडघे हेच तिचं बंपर. इकोचंही फार बरं नाही, २०१६ ला ग्लोबल एनकॅपनं ती आपटून पाहिली तेव्हा तिला शून्य तारा मिळाला. २०१९ पासूनच्या इकोला एबीएस ब्रेक अन् ड्रायव्हरपुढं एअरबॅग आली. म्हणून दोन गाड्यांच्या किमतीत पंचवीस-तीस हजारांचा फरक असेल तर मी २०१९ नंतरची घ्या म्हणेन, जुनी कितीही चकचकीत असली तरी.

लोक म्हणतात दोन खेपा परवडत नाहीत. हिशेब करून पाहू. पेट्रोल १०५ धरा, गावरस्त्याला लिटरमागं चौदा किलोमीटर धरा, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. वावर सहा किलोमीटरवर असेल तर जास्तीची एक खेप येऊन-जाऊन बारा किलोमीटर, नव्वद रुपये. सकाळ-संध्याकाळ मिळून एकशे ऐंशी. बारा बायांवर वाटले तर एकीमागं पंधरा रुपये. एवढ्यासाठी बारा घरं एका खेपेत भरायची? अन् त्यांच्याकडून भाडं कापलं तर ती गाडी परवाना नसलेली टॅक्सी झाली, मग विमा कंपनी हात वर करायला मोकळी. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात गाडीच्या आत बसलेल्यांच्या भरपाईवरून भांडण उभं राहतं, म्हणून गाडी त्या वयात असेल अन् कंपनी देत असेल तर पॅकेज पॉलिसीच घ्या, बसणाऱ्यांचा अपघात विमा जोडून घ्या. गाडी पाहतानाच सरकत्या दरवाजाची कडी दहादा लावून, आतून खांद्यानं ढकलून पाहा. ब्रेक पाच जण बसवून पाहा. हँडब्रेक चढावर ओढून पाय सोडा. इंजिन दमलं तर गाडी रस्त्यात उभी राहील, ओढून आणता येते. कडी सुटली तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

एक छोटी गोष्ट राहिली, पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्यातले काही जण त्यासाठीच मका करतात, तेव्हा त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याला चालेल अशा रबराच्या अन् साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. त्याआधीच्या व्हॅनचे पेट्रोलचे रबरी पाइप, सील पाहा, तडकलेले असतील तर घेतल्याबरोबर बदला. इंजिन सीटखाली आहे हे विसरू नका, पाइप तिथंच गळणार अन् तिथंच तापणार. दोन-दोन महिने गाडी उभी राहत असेल तर टाकी भरून ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवत राहा, इथेनॉल ओल ओढतं.

भाव करताना मी असं करतो. वहीत एका बाजूला तीन वर्षांत जे लागणारच ते लिहितो, टायर, बॅटरी, पत्रा, बेल्ट, नोंदणी, विमा, नाव बदलायचा खर्च. ती बेरीज मागितलेल्या किमतीत मिळवतो अन् मग दुसऱ्या गाडीशी तुलना करतो. बऱ्याचदा ऐंशी हजारांची ओमनी अन् दीड लाखाची इको यांच्यातलं अंतर तिथं निम्म्यावर येतं. अन् वर्षातून वीस-पंचवीस दिवसच गाडी लागत असेल, तर गावातला छोटा हत्ती अन् शेजाऱ्याची गाडी भाड्यानं सांगा. उभी गाडीसुद्धा खाते, बैलासारखंच.

पाहायला जाताना पिशवीत बॅटरी, चुंबक, पेचकस, पांढरं फडकं, पेन्सिल अन् सोबत एक मिस्त्री. मिस्त्रीला त्याची दिवसाची मजुरी निघायच्या आधीच द्या. सौदा जमला तरच त्याला पैसे मिळणार असतील तर तो सौदा जमायच्याच बाजूनं बोलणार, त्यात त्याचा दोष नाही.

रविवारी सकाळी मालेगावकडं एक इको पाहायला जायचं ठरलंय. मालकाला फोन करून सांगितलंय, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका, अन् गाडी धूत पण बसू नका.